सिस्टर, तुम्ही मला गप्प बसवलंत त्याबद्दल

सिस्टर,

उपकेंद्रात तुमच्यापुढे कायम रांग. तिथं हे बोलायला जमलं नसतं, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते.

जत्रेत देवळापुढच्या शिबिरात मी तासभर उन्हात उभी होते. नंबर आल्यावर उंच स्टुलावर बसवलं, पाय लोंबकळत. ब्लाउजची घट्ट बाही तशीच वर सरकवली, आणि माझं शेजारणीशी बोलणं चालूच. "१७२ वर १०४. मावशी, बीपी आहे, आजपासून गोळी सुरू करा." हातात चिठ्ठी. घरी आले ती रडतच. आमच्या सासूबाईंना बीपीनंच अर्धांग झालं होतं, चार वर्षं त्यांचं अंथरुण मीच काढलंय.

तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले, तर तुम्ही मशीनला हातच लावेनात. "काकू, चहा कधी घेतलात? मिश्री कधी लावलीत?" चहाचं सांगितलं, मिश्रीचं सांगायला जीभ रेटेना. तुम्ही हसला नाहीत. चहा-तंबाखूनं दाब थोडा वेळ वर जातो, अर्धा तास जाऊ दे म्हणालात. मग लघवीला जाऊन यायला सांगितलंत. मला वाटलं, बाटलीत आणायची असेल! लघवी तुंबली तरी आकडा चढतो, हे मला काय ठाऊक.

नंतर पाठीला टेका असलेली खुर्ची, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आणि पाच मिनिटं गप्प. सिस्टर, एकोणपन्नास वर्षांत मी पाच मिनिटं गप्प बसल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही. तुम्ही घड्याळ लावलंत.

पट्टाही तुम्ही बदललात. पोळ्या लाटून आणि खाऊन माझे दंड हे असे; छोटा पट्टा त्यावर आवळला की आकडा उगाच जास्त येतो म्हणालात. मोठा पट्टा तुम्ही कपाटातून शोधून काढलात. पट्टा फुगताना हात ठणकेल, मुंग्या येतील, घाबरू नका, हेही आधीच सांगितलंत. दोन्ही हात बघितलेत, उजव्याचा जास्त भरला म्हणून पुढं उजवाच धरलात. मिनिटभर थांबून पुन्हा, आणि पुन्हा. १५४ वर ९६, १४८ वर ९२, १४६ वर ९२.

मी सुटले असं मला वाटलं. तुम्ही नाही म्हणालात, आणि तेच मला आज जास्त मोलाचं वाटतं. १७२ खोटा निघाला म्हणून बीपी नाहीच, असं तुम्ही मला गोड वाटावं म्हणून सांगितलं नाहीत. दवाखान्यात १४० वर ९० च्या पुढे वेगवेगळ्या दिवशी भरलं तर बीपी धरतात, घरी १३५ वर ८५. भाच्यानं दंडाचं मशीन आणून दिलं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा वहीत लिहिलं. पहिला दिवस तुम्ही खोडून टाकलात, बाकीची सरासरी काढलीत: १४१ वर ८९. आहे म्हणजे आहे.

"पण माझं डोकं कुठं दुखतंय?" मी भांडले होते, आठवतं? बहुतेकांचं दुखत नाही, म्हणून तर मोजायचं, एवढंच म्हणालात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लघवी, रक्तातली साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, चरबी, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, आणि डोळेही, सगळं करून घेतलं. डोळे कशाला, असं मी विचारलं. आतल्या पडद्यावर रक्ताच्या नळ्या उघड्या दिसतात, दाबानं त्या बिघडल्यात का ते कळतं म्हणे. माझ्या ठीक निघाल्या. आता सकाळी एक गोळी.

मिठाचं मात्र जड जातंय. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात खर्डा आला, लोणचं आलं. आणि पापडखारातही मिठातलंच सोडियम, हे ऐकून उन्हाळाभर लाटलेले पापड डोळ्यांपुढून गेले. माघारी जाऊन डबा जाऊबाईंना दिला.

त्यांनाही त्याच शिबिरात चिठ्ठी मिळालीय. सोमवारी घेऊन येते. सैल बाहीचं झंपर घाला, मिश्री लावू नका, एवढं मी बजावलंय. गप्प बसवायचं तुमचं तुम्ही बघा.

तुमची,
पोळीभाजीवाल्या काकू