चढणीच्या माशांना वाट ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, बंधारा घालताना पाणी किती अडेल याचा हिशेब चोख होतो. मासा वर कसा चढणार, हे कुणी विचारत नाही. मृगाचे पाणी वाहू लागले की मळ्ये, शिंगट्या असे बारके मासे नदीतून पऱ्यात आणि पुढे भाताच्या खाचरांत शिरून अंडी घालतात. पिल्ले डासांच्या अळ्या, किडे, शेवाळ खाऊन वाढतात आणि पाऊस ओसरताना खाली उतरतात. पाणमांजर, खंड्या, ढोकरी यांचे पोट त्यांच्यावरच.

गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे तर सगळेच त्यांच्यावर अवलंबून. त्यांची डोळ्याला जेमतेम दिसणारी अळी माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटते, तिथे काही दिवस ते काही आठवडे काढते आणि मग तळावर पडते. प्रवाहाविरुद्ध जायला तिला दुसरे वाहन नाही. वरच्या डोहात मासा येईनासा झाला, तरी जुने शिंपले बरीच वर्षे जगतात. म्हणून नुकसान लवकर कळत नाही आणि पाणी गाळणारे नवे शिंपले मात्र येत नाहीत.

खोट बहुधा बंधाऱ्याच्या पायथ्याशी असते. सिमेंटच्या फरशीवरून बोटभर पाणी पसरते. उडी घ्यायला खोली कुठली? एका काठाला दगडी उतार करावा : 1 मीटर उंचीला निदान 20 मीटर लांबी, मोठे दगड अर्धे गाडलेले, मध्ये खळगे, लागोपाठच्या खळग्यांतल्या पाण्यात 10 सेंटिमीटरहून अधिक फरक नको. माथ्यावर त्याच बाजूला खाच ठेवावी, म्हणजे कमी पाणीही आधी तिकडून वाहील. दगड सुटे टाकले तर पहिल्या पुरात जातात. वरून सिमेंट गुळगुळीत लिंपले तर पाण्याचा वेग वाढून मासा मागे फेकला जातो. रस्त्याच्या मोरीचा पाइपही तळापेक्षा वीतभर खाली बसवावा, नाहीतर पुढची माती खरवडून त्याचे तोंड अधांतरी राहते.

पहिल्या चढणीला पऱ्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्याने अडवणे म्हणजे अंड्यांनी भरलेल्या माद्या उचलणे. सुरुंग आणि विषाला तर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी ब्लीचिंग पावडर पडतेच.

नव्या बंधाऱ्यांच्या अंदाजपत्रकात हा उतार जिल्हा परिषदेने धरावा. जुन्यांच्या फळ्या आणि वनराई बंधाऱ्यांच्या गोण्या मे संपण्याआधी काढाव्यात.

– एक वाचक, संगमेश्वर