ताई, माउसला हात न लावल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर मराठी मराठीच दिसतं त्या पद्धतीने, लिबरऑफिस रायटर या फुकटच्या प्रोग्रामवर, माझ्या हाताने टाइप करतोय. कुणामुळे ते तुम्हाला माहितीये, पण सगळ्यांना कळावं म्हणून असं उघड लिहितोय.

बार्शीत डीटीपी, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करता करता माझे केस पांढरे झाले. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, सगळं पेजमेकरवर. त्या प्रोग्रामला मी वाईट म्हणणार नाही, त्याने माझं घर चालवलं, पोरांची शिक्षणं केली. पण त्याचं ७.० व्हर्जन २००१ चं, त्यानंतर नवीन आलंच नाही आणि मराठीचं युनिकोड काही त्यात चालत नाही. म्हणून फॉन्ट वेगळे विकत घ्यायचे, त्यांचं लॉक मशीनला लावायचं, त्याशिवाय ते फॉन्ट चालायचे नाहीत, आणि तीच फाइल दुसऱ्याच्या कम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी नुसती भलतीसलती चिन्हं. तरी चाललं होतं. नवीन मशीन घेतलं आणि ते लॉक चालेचना.

मग कुणाकुणाचे पाय धरले! ज्यांच्याकडून फॉन्ट घेतले ते म्हणाले नवीन घ्या, फोन बंद. क्लासवाल्याने आधी फी घेतली, मग माझ्या हातातला माउस काढून घेऊन स्वतःच भराभर क्लिक केलं आणि म्हणाला झालं, समजलं ना काका. रिपेअरवाला पोरगा तर तोंडावर बोलला की या वयात कशाला डोक्याला ताप, दुकान भाड्याने द्या. फार लागलं हो ते मनाला. टायपिंगची मराठी ४०, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा, पास झालेला माणूस मी, अर्ध्या गावाने माझ्याकडून अर्ज टाइप करून नेलेत.

तुम्ही भावाच्या पत्रिकेसाठी आलात तेव्हा मी काम परत करणार होतो. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, काका तुम्हीच करा, मी बसते.

पहिलाच शब्द 'चि.' टायपरायटरच्या कीबोर्डवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे युनिकोडच्या मराठी कीबोर्डवर, उलट, आधी च, मग वेलांटी. बोटं ऐकेनात. परत परत वेलांटी आधी पडायची आणि अक्षर नसलं की दिसणाऱ्या त्या ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायची. तुमचा हात एकदा माउसकडे आला, मी बघितलं ना, आणि तुम्ही तो मागे घेतलात, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून बसलात. म्हणालात, घाई नाही काका, लग्नाला वेळ आहे. बाहेर तुमची रिक्षा थांबलेली. आणि मग 'चि.' उमटला, नीट, माझ्या बोटांनी.

ताई, त्या मागे घेतलेल्या हाताचे आभार मानायचे आहेत. पुढचं शिकलो मी, ते काय कुणीही शिकेल. पण समोरचा माणूस अडखळतोय, आपल्याला चुटकीसरशी जमतंय, तरी गप्प बसून त्याला करू द्यायचं याला मन मोठं लागतं, ते ना फी घेणाऱ्याकडे होतं ना माल विकणाऱ्याकडे. तुमच्या आईवडलांना माझा नमस्कार सांगा, असे संस्कार आपोआप होत नसतात.

आता शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका घेतलीये, मुक्ता फॉन्टमध्ये लावतोय. लॉक नाही, फॉन्टचे पैसे नाहीत, मुख्याध्यापक घरी त्यांच्या कम्प्युटरवर फाइल उघडतात तर मराठी मराठीच दिसतं, आणि एखादं नाव शोधायचं तर लगेच सापडतं. तुम्ही गेल्यावर 'वाऱ्या'तला ऱ्य अडला होता, तोही जमला, शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश.

नव्या वहिनींना आशीर्वाद सांगा. उद्या बारशाची पत्रिका निघाली तर दुसरीकडे द्यायची नाही, आणि पैशाचं नाव काढायचं नाही.

तुमचा,
डीटीपीवाले काका