४ आणि १६ डिसेंबरच्या मधला एक दिवस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की १९७१ च्या युद्धाच्या आठवणी मुंबईत निघतात आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ते युद्ध या शहराच्या दाराशी आले होते. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले ज्यांनी पाहिले, अशी माणसे अजून आपल्यात आहेत. ४ तारखेला नौदल दिन असतो, ९ तारखेला बुडालेल्या ‘खुक्री’ या युद्धनौकेवर चार ओळी येतात, १६ तारखेला विजय दिवस. मधली १४ तारीख मात्र कोरडी जाते. त्या दिवशी श्रीनगरच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना वीरमरण आले. परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले ते भारतीय हवाई दलातील आजवरचे एकमेव अधिकारी. त्यांनी तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती आणि लग्नही नुकतेच झाले होते.

त्यांची गोष्ट सांगितली जात नाही असे नाही; ती फुगवून सांगितली जाते, हे माझे खरे दुःख आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर वाचला, तर त्यांनी एकट्याने सगळी शत्रूविमाने लोळवली असा समज होतो. परमवीर चक्रासोबतचे अधिकृत मानपत्र इतके भडक नाही आणि म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय समझोत्यामुळे श्रीनगरला हवाई संरक्षणाची विमाने कायम ठेवली जात नसत; त्यामुळे युद्धाच्या तोंडावर तेथे गेलेल्या १८ व्या स्क्वॉड्रनच्या वैमानिकांना ते डोंगर आणि ती हिवाळी हवा नवीनच होती. त्या सकाळी पाकिस्तानची सहा सेबर विमाने आली तेव्हा सेखों सज्जतेच्या कामगिरीवर, म्हणजे हल्ला होताच उड्डाण करण्याच्या तयारीत होते. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्यांनी आपले नॅट हे लढाऊ विमान उडवले आणि लगेच दोन सेबरना गाठले. त्या दोन्हींवर त्यांनी मारा साधला. तोवर उरलेली विमाने साथीदारांच्या मदतीला धावली आणि झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर चारांविरुद्ध एक अशी ती झुंज चालली. अखेर संख्याबळापुढे सेखों यांचे विमान कोसळले. पुढे शोध घेऊनही त्यांचे पार्थिव हाती लागले नाही. चारांना एकट्याने तोंड देणाऱ्याच्या नावावर आणखी चार विमाने कशाला चढवायची?

या नावाशी मुंबईचे नातेही आहे. नरीमन पॉइंटला मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९८० च्या दशकात आपल्या पंधरा तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली होती. त्यांतले एक सेखों यांच्या नावाचे होते. सुमारे पाव शतकाच्या सेवेनंतर ते मोडीत निघाले. (परमवीर चक्राचे पदकही आपल्या सावित्रीबाई खानोलकरांनी रेखाटलेले आहे, हे जाता जाता.) २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटाला सेखों यांचे नाव मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे, पण तेथे जाणारे मुंबईकर किती असणार? महामंडळाच्या एखाद्या नव्या जहाजावर हे नाव पुन्हा आले, तर ते या बंदरात निदान दिसेल.

आपल्याकडे माझी विनंती साधी आहे. येत्या १४ डिसेंबरच्या अंकात सेखों यांचे मानपत्र मराठीत, एकही विशेषण न वाढवता, जसेच्या तसे छापावे. ते फार मोठे नाही. दोन स्तंभांच्या चौकटीत सहज बसेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, दादर, मुंबई