न केलेल्या कामांबद्दल आभार

गवंडीमामा यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्हाला ते नातू मोबाइलवरून वाचून दाखवेल आणि अर्ध्यात तुम्ही त्याला थांबवाल, "बास, एवढं काय त्यात." तेव्हा मुद्द्याचं आधीच सांगते. तुम्ही केलेल्या कामाची मजुरी तुम्ही रोखीत घेतलीत, तो हिशेब मिटला. तुम्ही जी कामं करायला नकार दिलात, त्यांचे पैसे मात्र कुणी कुणाला दिले नाहीत. आभार त्यांचे मानायचे आहेत.

वाईतला आमचा वाडा पाडायचं जवळपास ठरलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं एकट्याचं नाव होतं, तिथे आता पानभर वारस आहेत. कुणी पुण्यात, कुणी बडोद्यात, एक चुलतभाऊ पार न्यू जर्सीत. राहणाऱ्या आम्ही दोघीच, आई आणि मी. तपासायला आलेल्या एका इंजिनिअरनं अंदाजपत्रक दिलं: सगळ्या तुळया काढून लोखंडी गर्डर टाका, कौलं उतरवून स्लॅब घाला, भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करा. आकडा बघून भावंडं म्हणाली, एवढ्यात नवा बंगला उभा राहील. मला राग आला होता, पण हिशेब त्यांचा बरोबर होता. त्या कागदाबरहुकूम काम झालं असतं तर पैसेही गेले असते आणि वाडाही.

तुम्ही आलात ते मागच्या पडवीची गळती बघायला. गळती बघितलीत आणि मग कुणी न सांगता हातोडीच्या दांड्यानं एकेक तुळई वाजवत माजघरापर्यंत गेलात. मधे वाजवलं की खणखणीत, भिंतीजवळ वाजवलं की बद्द. "लाकूड आहे अजून. टोकं गेलीत नुसती." सागवानाची तुळई सडते ती भिंतीत गेलेल्या टोकाशी, कारण तिथली भिंत ओली. आणि भिंत ओली का? मागे कधीतरी तिच्यावर सिमेंट चढवलं होतं म्हणून. जुन्या विटेत जमिनीतून ओल चढणारच. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरतं. मग ओल आणखी वर जाते, क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, भिंतीला लोणा लागतो आणि पोपडा सुटताना विटेचा दर्शनी भागही घेऊन खाली येतो. हे मला नंतर वाचून कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "ताई, भिंतीला घाम येऊ दे की."

गर्डर नको म्हणालात. तुमच्या ओळखीच्या सुतारानं कुजलेली टोकं कापून जुन्या सागवानाचे तुकडे कुसू घालून, म्हणजे खाचेत जीभ बसवून, सांधले, मधली लांबी तशीच राहिली. स्लॅब नको म्हणालात, कारण जोतं दगडी असलं तरी वरच्या मजल्याच्या भिंती पांढरीच्या मातीच्या (जुन्या गावठाणातली पांढरट माती), तो भार त्यांनी पेलला नसता. आणि तुमचा अंदाज आला तो त्या कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत! आमच्या घराण्यात वारशावर आजवर पुष्कळ भाषणं झाली, सह्या मात्र तुमच्या या आकड्यानं मिळाल्या.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा तुम्ही त्यांना घाटावर घेऊन गेलात. ढोल्या गणपतीचं देऊळ आम्ही लहानपणापासून बघतो. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधलं, हेही पाठ. पण देवळाच्या मागे जाऊन ती माशासारखी निमुळती भिंत हात लावून कुणी दाखवली नव्हती. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. "त्यांनी पाणी अडवलं नाही, वाट दिली," तुम्ही म्हणालात. न्यू जर्सीचा भाऊ तिथेच तुम्हाला विचारायला लागला की पावसाळ्याआधी किती काम होईल. तुम्ही त्यालाही नाही म्हणालात! चुना मुरल्याशिवाय हात लावणार नाही.

तो चुना. कळीचा चुना परसातल्या खड्ड्यात विरवायला टाकला तेव्हा पाणी असं उकळलं की आई देवघरातून उठून बघायला आली. मग तो पाण्याखाली मुरत पडला आणि गल्लीतला प्रत्येक जण सल्ला देऊन गेला. थोडं सिमेंट मिसळा, लवकर धरेल. तुम्ही नुसते हसायचात. सुरखी म्हणजे विटांची भुकटी, हिरड्याचं पाणी, गूळ, हे सगळं पडलं ते तुमच्या अंदाजानं. वजनकाटा मी आणून दिला होता, तो तसाच खुंटीला राहिला. चुना हवेतून घट्ट होतो, सावकाश होतो, आणि तोवर त्याला ओलं ठेवावं लागतं. ते भिंतीला लावलेल्या पोत्यांवर पाणी मारायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत, त्याबद्दल आभार मानीन असं वाटत नाही.

चौकातल्या, सुरूच्या झाडासारखे घडवलेल्या लाकडी खांबांना मशीन लावून पॉलिश करायचं आम्ही ठरवलं होतं. काजळी आणि तेलानं ते पार काळे झालेत. तुम्ही बोटानं त्यांवर कोरलेल्या केवड्याच्या पानाची कड दाखवलीत आणि म्हणालात, मशीन फिरलं की ही पहिली जाईल. जुन्या धोतराचं फडकं आणि जवसाचं तेल, एवढ्यावर भागवलंत. माडीवरच्या फिकट गणपतीच्या चित्राचंही तेच. बडोद्याच्या बहिणीनं तिथल्या तांबेकर वाड्यातली चित्रं पाहिलेली, तिला आपलंही चित्र नव्यानं रंगवून घ्यायची हौस. तुम्ही म्हणालात, "मी भिंतीचा माणूस, चित्राचा नाही." आणि तिला मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात पाठवलंत. तिथली भित्तिचित्रं बघून ती परत आली आणि आमच्या गणपतीसमोरची गाद्यांची चळत तिनं स्वतः हलवली. चित्र जसं होतं तसं आहे.

जुनी घरं जपायला हवीत असं सांगणारे आता वरचेवर येतात, फोटो काढून जातात. त्यांना मी तुमची गोष्ट सांगते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, पुण्यात वाड्यांची यादी आणि त्यांच्या श्रेणी आहेत. यादीत नाव गेलं की घर सहजासहजी पाडता येत नाही, हे चांगलंच. पण उन्हाळ्यात कौलांवर कोण चढणार, ते यादीत लिहिलेलं नसतं. तुम्ही वाईतले बंद वाडे मला दाखवलेत. एका वर्षी शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावणं, राहते, एक कौल सरकतं, त्याखालची रीप कुजते, मग वासा, मग तुळई. पुढच्या चार पावसाळ्यांत माडी खाली येते आणि लोक म्हणतात वाडा जुना झाला होता. मग दिंडीदरवाजा कुठल्यातरी हॉटेलच्या सजावटीला जातो. त्या पडलेल्या घरांतली धड कौलं तुम्ही रचून ठेवली होतीत, ती आमच्या पडवीवर चढली. तेवढी पडवी आता जरा वेगळ्या रंगाची दिसते. असू दे.

एका गोष्टीला मात्र तुम्ही लगेच हो म्हणालात. आईचे गुडघे गेलेत, परसाच्या टोकाला तिला जाववत नाही. घर अस्सल राहावं म्हणून मीच कां-कूं करत होते, तुम्ही मागच्या पडवीत कमोड बसवलात, पाइप भिंत न फोडता बाहेरून काढलेत आणि वर म्हणालात, "माणूस राहिलं तर घर राहील."

बऱ्याच जणांनी तुमचा नंबर मागितला आहे. तुम्ही देऊ नको म्हणालात म्हणून दिलेला नाही. पण नातवाला सुट्टीत हाताखाली घेताय असं ऐकलं, तेव्हा काही वर्षांनी त्याचा देईन.

परसाकडची भिंत अजून राहिली आहे. तिथेही सिमेंट आहे, तेही तुम्हीच खरवडायचं. होळीनंतर या. चुना यंदा मी आधीच विरवून ठेवते, बिघडला तर खुशाल टाकून द्या.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
वाड्यातली ताई