सीमाशुल्काचा आकडा दारात नको, खरेदीच्या वेळीच हवा

संपादक महोदय,

परदेशातून येणाऱ्या लहान पार्सलांना मिळणारी सीमाशुल्काची सवलत एकेक देश काढून घेत असल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. मोठ्या विक्रीमंचांचे काय होणार, ग्राहकाला वस्तू किती महाग पडणार, याची चर्चा त्यांत असते. पण स्वतःच खोका भरून, स्वतःच त्यावर घोषणापत्र चिकटवून सीमेपलीकडे माल पाठवणारा लहान विक्रेता त्या चर्चेत सहसा दिसत नाही. मी त्या विक्रेत्यांपैकी एक आहे. लाकडी खेळणी आणि लाकडाच्या शोभेच्या वस्तू मी ऑनलाइन विकतो. सवलत गेल्याचे मला फारसे दुःख नाही. सीमाशुल्क ही ग्राहकाची आणि कुरिअरची बाब आहे, आपण पार्सल रवाना केले की आपले काम संपले, अशी जी सवय आम्हा विक्रेत्यांना लागली आहे, तिची मात्र मला चिंता वाटते. सवलत होती तोवर ती सवय खपून गेली. आता ती खपणार नाही आणि खपू देऊही नये, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

मुळात ही सवलत विक्रेत्यांवर मेहेरबानी म्हणून कोणी दिलेली नव्हती. एखाद्या स्वस्त वस्तूवरचे शुल्क वसूल करायला जेवढे कागद, माणसे आणि वेळ लागतो, त्याचा खर्च त्या शुल्काहून जास्त येतो. तेव्हा अमुक किमतीखालचा माल सोडून द्यावा, असा तो सरळ हिशेब होता. पार्सले मोजकी होती तोवर तो बरोबरही होता. ऑनलाइन खरेदीमुळे पार्सलांचा पूर आला आणि हिशेब उलटला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या आयात मालावरही वस्तू व सेवा कर लावला आणि तो गोळा करण्याचे काम ठरावीक उलाढालीच्या वरच्या परदेशी विक्रेत्यांवर व विक्रीमंचांवर टाकले. ब्रिटन जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊ लागला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ रोजी २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी रद्द केली आणि १५० युरोपर्यंतची सीमाशुल्कमाफीही काढून टाकायचे नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवले. अमेरिकेने २०१६ मध्ये आपली मर्यादा २०० डॉलरवरून एकदम ८०० वर नेली होती. तिथे २ मे २०२५ पासून चीन व हाँगकाँगच्या मालाची आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालाची सवलत थांबली. त्या शेवटच्या तारखेला जे झाले ते आमच्यापैकी कोणी विसरणार नाही. शुल्क आगाऊ गोळा करून अमेरिकेला भरण्याची व्यवस्थाच बहुतेक देशांच्या टपाल खात्यांकडे नव्हती. ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः बंद केली आणि तिकडे जाणारे टपाल ८० टक्क्यांहून अधिक घटले, असे जागतिक टपाल संघानेच जाहीर केले. तयार केलेले खोके आमच्याकडे रचून पडले होते.

व्यवस्था नाही म्हणून काम अडते, हे त्या वेळी टपाल खात्यांच्या बाबतीत दिसले. विक्रेत्याच्या टेबलावर तेच रोज घडत असते, फक्त त्याची बातमी होत नाही.

टपालाने माल पाठवताना खोक्यावर सीएन २२ नावाची एक चिठ्ठी लागते. मालाची किंमत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिच्या जागी सीएन २३ हे मोठे घोषणापत्र येते. सीएन २२ ही तळहाताएवढी चिठ्ठी असते. वर चौकोन असतात: भेटवस्तू, कागदपत्रे, व्यापारी नमुना, विक्रीचा माल, परत जाणारा माल. त्यांखाली वस्तूचे वर्णन, वजन, किंमत, वर्गीकरणाचा क्रमांक आणि वस्तू कोणत्या देशात तयार झाली ते लिहायचे, आणि शेवटी पाठवणाऱ्याची सही. ही सही कुरिअरवाल्याची नसते, विक्रीमंचाची नसते, विक्रेत्याची असते, आणि मजकूर खरा आहे अशी ती लेखी हमी असते. मी पहिली दोन वर्षे वर्णनाच्या रकान्यात ‘हस्तकला’ एवढा एकच शब्द लिहीत असे. एकदा एका ग्राहकाने तीन वस्तू एकत्र मागवल्या. एक दोरीने ओढायचा चाकांचा घोडा, एक तसाच पण चाके नसलेला, फडताळात ठेवायचा घोडा आणि एक डबी. मी ‘हस्तकला, तीन नग’ असे लिहून मोकळा झालो. पार्सल तीन आठवडे सीमाशुल्क विभागात अडकले, खुलासा मागवला गेला, तो निरोप माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर मुदत टळली आणि खोका परत आला. जाण्याचे आणि येण्याचे भाडे मीच भरले. त्या वेळी मी सगळा दोष तिकडच्या अधिकाऱ्याला दिला होता. आज ती चिठ्ठी पाहिली की वाटते, त्या बिचाऱ्याने तरी करायचे काय होते?

कारण ‘हस्तकला’ नावाची वस्तू दरपत्रकात नसते. जागतिक सीमाशुल्क संघटनेची सुसंवादी वर्गीकरण पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि आज दोनशेहून अधिक देश व प्रदेश ती वापरतात. तिचा सहा अंकी क्रमांक, ज्याला सगळे एचएस कोड म्हणतात, सर्वत्र एकच असतो. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. त्या पद्धतीत माझा चाकांचा घोडा ९५०३ या शीर्षाखाली खेळणे म्हणून जातो, आणि तेच लाकूड, तोच रंग, तोच कारागीर असूनही चाके नसलेला शोभेचा घोडा व डबी ४४२० खाली जातात. दोन शीर्षांचे शुल्कदर वेगळे असू शकतात. शिवाय खेळणे म्हटले की मुलांच्या सुरक्षिततेचे नियम येतात, युरोपीय संघात ते नियम पाळल्याचे दाखवणारे सीई चिन्ह लागते. तिथे तर १३ डिसेंबर २०२४ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व वस्तूंसाठी संघाच्या हद्दीत राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमलेली असावी लागते. कपडे विकणाऱ्यांचीही हीच गत. विणलेल्या सुती टी-शर्टचे या वर्गीकरणातले प्रकरण ६१वे आणि मागावरच्या कापडातून शिवलेल्या शर्टाचे ६२वे. त्यामुळे ‘कपडे’ असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. (लाकडाचा आणखी एक फास सांगून ठेवतो. आतल्या वस्तूपेक्षा बाहेरचे खोकेच पुष्कळदा नडते. कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का लागतो, प्लायवूडला लागत नाही. हेही मला ठेच लागल्यावरच कळले.)

किमतीच्या रकान्याविषयी मात्र मला जरा कठोर बोलायचे आहे. ग्राहकाला शुल्क पडू नये म्हणून ‘भेटवस्तू’च्या चौकोनात खूण करणे किंवा किंमत निम्मी लिहिणे हा आमच्या व्यवसायात सलगीचा भाग समजला जातो. ग्राहक स्वतःच तशी विनंती करतात आणि न ऐकणाऱ्या विक्रेत्याला अडमुठा ठरवतात. भेटवस्तूची सवलत एका व्यक्तीने दुसरीला मोबदला न घेता पाठवलेल्या वस्तूसाठी असते. ज्या वस्तूचे पैसे घेतले ती भेट होऊच शकत नाही. मूल्यांकनाचा आंतरराष्ट्रीय नियमही साधा आहे, की प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत हेच मूल्य. अधिकाऱ्याने तीच वस्तू संकेतस्थळावर शोधली की खरी किंमत त्याला लगेच दिसते. वर पार्सल हरवले तर भरपाई घोषित किमतीच्या वर मिळत नाही, तेव्हा निम्मी किंमत लिहिणारा स्वतःचाच विमा निम्मा करून घेत असतो. मोडक्या वस्तूच्या बदली फुकट पाठवलेल्या वस्तूवरही ‘शून्य’ लिहून चालत नाही. तिचे मूल्य लिहायचे आणि विनामोबदला बदली असल्याचे बीजकात स्पष्ट करायचे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या दाराकडे येतो. समजा वस्तूची किंमत १०० आणि वाहतूक २०. पुष्कळ देश वाहतूक व विमा धरून शुल्क आकारतात. दर दहा टक्के असेल तर शुल्क झाले १२. मग या १३२ च्या बेरजेवर व्हॅट. तो वीस टक्के असेल तर आणखी २६.४०. म्हणजे शुल्कावरही कर बसतो, ही गोष्ट बहुतेक ग्राहकांच्या ध्यानीमनी नसते. त्यावर वाहक कंपनीचे हाताळणी शुल्क येते. ते बहुधा ठोक असते, त्यामुळे वस्तू जितकी स्वस्त तितके ते बोचते. १२० भरून निश्चिंत झालेल्या माणसाला दारात चाळीसच्या पुढचा आकडा ऐकवला जातो. तो पैसे भरतो आणि पुन्हा कधी मागवत नाही, किंवा पार्सल नाकारतो. दोन्हींत दोष ‘कस्टम्स’चा, असे आम्ही एकमेकांना सांगतो. वास्तविक शुल्क विक्रेत्याने आधीच घेऊन भरण्याची पद्धत वाहकांकडे पूर्वीपासून आहे. डीडीपी म्हणतात ती हीच. आम्ही ती निवडत नाही, कारण दर्शनी किंमत वाढलेली दिसते.

युरोपीय संघाने १५० युरोपर्यंतच्या मालाच्या व्हॅटसाठी आयओएसएस ही एकखिडकी नोंदणी सुरू केली, तिच्यामागचा विचार मला पटतो. विक्रीच्या वेळीच कर घ्यायचा, दरमहा एकाच देशात विवरणपत्र भरायचे आणि सीमेवर पार्सल त्या करासाठी अडवायचे नाही. पण संघाबाहेरच्या बहुतेक विक्रेत्यांना त्यासाठी तिथला मध्यस्थ नेमावा लागतो आणि त्याची फी लहान विक्रेत्याचा नफा खाऊन टाकते. ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. मोठ्या मंचावरून विकले तर मंच स्वतःच कर भरतो, तेव्हा नोंदणीचा बोजा आपल्यावर येत नाही. तरीही मंचाचा नोंदणी क्रमांक पार्सलाच्या माहितीबरोबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पुढे पाठवायचे काम आपलेच राहते. तो क्रमांक पुढे गेला नाही म्हणून माझ्या एका ग्राहकाकडून व्हॅट दोनदा घेतला गेला, एकदा खरेदीच्या वेळी आणि एकदा दारात. वाहक म्हणाला विक्रेत्याने दिला नाही, माझ्याकडे तो दिल्याची नोंद होती, आणि परतावा मिळवण्यासाठी पळापळ केली ती ग्राहकाने. दोन महिने गेले. शेवटी ती रक्कम मी माझ्या खिशातून दिली.

त्या प्रसंगानंतर मी माझ्या संकेतस्थळावर वस्तूची किंमत, वाहतूक, शुल्क व कर असे आकडे वेगवेगळे दाखवू लागलो आणि तेवढेच पैसे घेऊ लागलो. अंदाज कधी चुकतो. दर बदललेला असतो, किंवा अधिकारी वर्गीकरण वेगळे करतो. कमी पडले तर मी भरतो, जास्त झाले तर परत करतो. सुरुवातीला मागणी घटली, हे कबूल करतो. पण नाकारलेली पार्सले जवळजवळ बंद झाली, आणि नाकारलेल्या एका पार्सलात दोन वेळचे भाडे जाते हे लक्षात घेता मला हा सौदा वाईट वाटत नाही. माल परत येतो तेव्हाही हीच शिस्त उपयोगी पडते. आपलाच माल परत आणताना शुल्क माफ व्हायला तोच नग आपण बाहेर पाठवला होता याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे मूळ घोषणापत्र. त्यावर ‘हस्तकला’ लिहिलेले असेल तर आपण काय सिद्ध करणार?

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. ज्या विक्रीमंचांकडे प्रत्येक देशाचे दर ठेवण्याची यंत्रणा आहे त्यांनी एचएस कोड आणि उत्पत्तीचा देश भरल्याशिवाय परदेशी विक्रीची परवानगी विक्रेत्याला देऊ नये, आणि ग्राहकाने पैसे भरण्याआधी पूर्ण आकडा त्याच पानावर दाखवावा. ‘आयात शुल्क लागू होऊ शकते’ हे तळाशी बारीक अक्षरात छापलेले वाक्य पुरेसे समजले जाऊ नये. सरकारांनी कर गोळा करण्याची जबाबदारी मंचांवर टाकलीच आहे, मग सांगण्याची जबाबदारी सोडून देण्याचे काही कारण दिसत नाही. उत्पत्तीचा देश म्हणजे वस्तू जिथे तयार झाली तो देश, जिथून खोका निघाला तो नव्हे, एवढे जरी मंचांनी तो रकाना भरतानाच बजावले तरी निम्मे घोळ टळतील.

आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. मर्यादेविषयीच्या बातम्यांत सीमाशुल्क आणि व्हॅट हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. २०२१ मध्ये युरोपात गेली ती व्हॅटची माफी होती, सीमाशुल्काची १५० युरोची माफी तेव्हा तशीच राहिली. ‘करमुक्त आयात बंद’ अशा मथळ्यातून हा भेद कळत नाही आणि तो मथळा वाचून ग्राहक आम्हाला जाब विचारतात. पुढच्या वेळी अशी बातमी देताना कोणती माफी गेली, कोणत्या तारखेपासून गेली आणि पैसे कोणाकडून घेतले जाणार, या तीन गोष्टी तिच्यात यायला हव्यात.

आपला नम्र,
एक ऑनलाइन विक्रेता