ती लेस तुम्ही बांधलीत, उस्ताद

आदरणीय उस्ताद,

प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे लष्कराच्या अर्धवेळ सेनेच्या, भरतीचा निकाल लागून आठवडा झाला. आम्हा चौघांपैकी तिघांची निवड झाली, चौथा पुढच्या भरतीला पुन्हा उभा राहतोय. फोनवर तुम्ही "बरं झालं, आता पाय मऊ पडू देऊ नका" एवढंच म्हणालात आणि आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. म्हणून हे पत्र, सगळ्यांनी वाचावं असं.

आमच्यासारख्या नौदलात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचा दम आणि खांदे शाबूत असतात, पण पाय डेकवर वाढलेले असतात. लांब पल्ल्याला पोटऱ्या कच्च्या, तळवे मऊ. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून आमची नुसती चाल बघून तुम्ही हे ओळखलंत. त्याआधी आम्ही ज्या अकॅडमीत पैसे मोजले, तिथे कुणी पायांकडे बघितलंही नव्हतं. पहिल्या आठवड्यापासून डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर, आणि नडग्या ठणकायला लागल्या की "वय झालं, आता झेपणार नाही". प्रादेशिक सेनेत ४२ वर्षांपर्यंत दार उघडं असतं. झेपत नव्हतं ते त्यांचं वेळापत्रक.

तुम्ही नडगीवरून अंगठा फिरवून फरक शिकवलात. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर पळणं निम्म्यावर आणायचं, डांबर सोडून मातीवर यायचं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वरखाली करायच्या. एका बोटाखाली नेमक्या जागी कळ येत असेल तर त्याच दिवशी पळणं बंद आणि डॉक्टर, कारण हाडाला बारीक तडा असू शकतो आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही. आठवड्याचं अंतर एका दमात वाढवायचं नाही, दहातला एक भाग वाढला तरी पुष्कळ. चौपाटीवर पळायचं ते ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत. कोरड्या वाळूत टाच खोल रुतते आणि टाचेमागची शीर धरते.

भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत म्हणजे ६० गुण, दहा बीम, म्हणजे दांडीला लटकून अंग दहा वेळा वर खेचलं, की ४०. हे सगळ्यांना पाठ असतं. पण चारशे मीटरच्या चार फेऱ्यांत ती साडेपाच मिनिटं कशी वाटायची, हे कुणी सांगत नाही. पहिली फेरी ७२ सेकंदांत मारणारा चौथीला ९५ वर येतो. तुमचा हिशेब ८३, ८३, ८३ आणि शेवटची ८१ असा, बरोबर ३३० सेकंद. दर दोनशे मीटरला शिट्टी, आणि घड्याळं आमच्या मनगटावरून काढून तुमच्या खिशात. सहा आठवड्यांत वेग पायांना कळायला लागला. भरतीच्या गर्दीत पहिल्या वळणावर आत घुसायचं नाही, हेही तुमचंच. तिथे कोपर लागून माणसं पडतात.

बीमला झोका घेतला की तुम्ही तो मोजायचाच नाहीत. हात पूर्ण सरळ, हनुवटी दांडीच्या वर, तरच एक. सहावर अडकलेल्याला सातव्यासाठी झटापट करू न देता स्टुलावरून वर चढवलंत आणि पाच सेकंद मोजत खाली उतरायला लावलंत, दिवसाआड चार-चार वेळा. तळव्यांवरचे घट्टे वजरीने घासून सपाट ठेवायला सांगितलेत, कारण उंच घट्टा दांडीला अडकून सोलवटतो आणि मग आठवडा वाया जातो. भरतीत उडी मारून ओलांडायच्या नऊ फुटांच्या खंदकासाठी मैदानावर फक्कीच्या दोन रेघा. बहुतेकांची उडी कमी पडत नाही, पाऊल रेघेच्या फूटभर आधीच उचललं जातं. तुम्ही धाव मागून मोजून घेतलीत आणि ते सुटलं.

मेडिकलच्या पंधरा दिवस आधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या, पिन घालू नका, असं सांगणारेही तुम्हीच. कागदपत्रांचं इथे लिहीत नाही, ती माहिती कुठेही मिळते.

मनाची तयारी जास्त अवघड होती. आमच्यातला एकजण पेटी ऑफिसर (नौदलातला हवालदाराच्या बरोबरीचा हुद्दा) म्हणून निवृत्त झाला, आता शिपाई म्हणून उभा राहणार, आणि दहा वर्षांनी लहान उस्ताद (कवायत शिकवणारा) त्याला रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, देणार. तुम्ही "नौदलात आम्ही असं करायचो" हे वाक्यच बंद केलंत. सॅल्यूटचंही तसंच. नौदलात तळवा जमिनीकडे, लष्करात पंजा उघडा, समोरच्याला दिसेल असा. पंधरा वर्षांचा हात सांगून बदलत नाही, म्हणून रोज सकाळी आरशासमोर वीस सॅल्यूट. जहाजावरच्या वॉचच्या (पहाऱ्याच्या) पाळ्यांनी मोडलेली झोप दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणत रात्री नऊवर नेलीत.

पण आमच्या मनात राहिलंय ते दुसरंच. तुमच्याकडे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पेटी ऑफिसर लंगडत थांबला. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तुम्ही काही न बोलता त्याच्या पायाशी गुडघा टेकलात. तुमचं वय साठीच्या पुढचं, मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार म्हणून किती रिक्रूट घडवले असतील. तुम्ही त्याचा बूट सैल केलात, टाच मागे दाबून बसवलीत, वरची दोन भोकं एकाच बाजूला ओवून छोटा फासा केलात, समोरची लेस त्यातून ओढून आवळलीत. "आता टाच हलणार नाही, बोटं पुढे आपटणार नाहीत." मग उठून गुडघ्याची माती झटकलीत आणि शिट्टी वाजवलीत. आपला हुद्दा खाली ठेवायची भीती त्याच्या चेहऱ्यावर आधी महिनाभर होती, ती त्या सकाळनंतर आम्हाला दिसली नाही.

या शहरात पहाटेच्या मैदानांवर अशी माणसं असतात. कुणी अनोळखी पोराची पिशवी सांभाळत बसतं, कुणी घरून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जास्तीचं आणतं. त्यांची पाटी कुठे लागत नाही, जाहिरात नसते, आणि पैसे घेऊन पाय न बघणाऱ्यांपेक्षा जास्त पोरं तीच उभी करतात.

फी विचारली तेव्हा तुम्ही फक्कीची एक पिशवी मागितली होतीत. रविवारी सव्वापाचला गोणी घेऊन येतो. चौथ्यासाठी रेघा आम्ही मारू, उडी तुम्ही बघा.

तुमचे,
कट्ट्यावरचे चौघे