एका टँकमध्ये तीन हवामानं बसत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘दिवाणखान्यातलं जंगल’ या मथळ्याखाली मोठा रंगीत फोटो होता. सहा फुटी काचेचा टँक, त्यात हिरवा इग्वाना, दोन बिअर्डेड ड्रॅगन आणि कोपऱ्यात एक लेपर्ड गेको, म्हणजे तीन वेगळ्या जातींचे सरडे. खाली ओळ होती, ‘सारे गुण्यागोविंदाने’. फोटो देखणा होता, यात वाद नाही. पण तेव्हापासून लोक ते कात्रण मोबाइलवर घेऊन माझ्या दुकानात येताहेत आणि ‘डिट्टो असाच बनवून द्या’ म्हणताहेत, म्हणून हे पत्र.

मी नाशिकला सिडकोत काचेचे टँक बनवतो. आधी नुसते माशांचे बनवायचो, आता सरड्यांच्या सेटअपची कामंही बरीच येतात. एकच मोठा टँक विकण्यात माझा फायदा आहे. काच जाड लागते, सरकत्या दरवाजाचे ट्रॅक लांब लागतात, मजुरी जास्त मिळते. तरी ही ऑर्डर मी घेत नाही. का घेत नाही, हे गिऱ्हाइकागणिक सांगत बसण्यापेक्षा एकदा आपल्या पानावर सांगून टाकावं म्हटलं.

बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला. त्याला बल्बखालचा दगड ३८ ते ४२ अंश लागतो आणि हवा कोरडी, आर्द्रता तीस-चाळीस टक्के. हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवरचा. त्याला सत्तर टक्क्यांच्या पुढे दमटपणा हवा. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत या पट्ट्यातल्या खडकाळ जमिनीचा. दिवसा कपारीत दडतो, दिवे मालवायच्या वेळी बाहेर पडतो. निसर्गात या तिघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं.

गिऱ्हाइकं हुशार असतात. म्हणतात, मग मधला काटा धरू, पंचावन्न टक्के ठेवू. पंचावन्न टक्क्यांत इग्वानाची कात नीट निघत नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला तिची वळी राहतात, ती आवळत जातात, रक्त थांबतं आणि टोक काळं पडून गळतं. त्याच टँकमधल्या ड्रॅगनच्या छातीत मात्र ओल बसते, तो तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागतो. मालकाला वाटतं ऊन खातोय. मधला काटा धरला की दोघंही आजारी पडतात, एवढाच त्याचा उपयोग.

आणि हे सगळं नाशिकच्या हवेत सांभाळायचं. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा आमच्याकडेही रात्री हीटर लागतो, मे महिन्यात चाळिशी, पावसाळ्यात घरातली हवाच नव्वद टक्के. पावसाळ्यात ड्रॅगनचा टँक कोरडा ठेवायला मी जाळीची खिडकी दोन बाजूंना काढतो. इग्वानाच्या टँकला तीच खिडकी अर्धी झाकावी लागते. एकाच टँकला ती झाकू की उघडी ठेवू?

उजेडाचं त्याहून अवघड. सरड्यांना हाडं घडवायला कॅल्शियम लागतं, ते पचवायला ड-३ जीवनसत्त्व, आणि ते कातडीत तयार व्हायला अतिनील किरणं. साध्या काचेतून ती किरणं येत नाहीत, त्यामुळे टँक खिडकीशी ठेवून भागत नाही (उलट आत भट्टी होते), वेगळी ट्यूब लावावी लागते. ड्रॅगनला बसायच्या जागी अतिनील निर्देशांक (या किरणांच्या तीव्रतेचं माप) तीन-चारच्या घरात लागतो, लेपर्ड गेकोला एकच्या आत. एकाच ट्यूबमध्ये दोघांचं कसं भागवणार? अल्बिनो गेको असला तर त्या प्रखर उजेडात डोळे मिटून पडून राहतो. ट्यूब मंद लावली तर ड्रॅगनची हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा दबतो, पाय थरथरतात. शिवाय ट्यूब पेटते म्हणजे चालू आहे असं नसतं. साधारण वर्षभरात तिच्यातली अतिनील किरणं ओसरतात, उजेड तेवढाच दिसत राहतो. ट्यूब कधी बसवली ती तारीख मी होल्डरवर मार्करने लिहून देतो.

‘पण ते भांडत नाहीत हो!’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. एक सरडा दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसला की मालक कौतुकाने फोटो काढतात, बघा किती प्रेम. ते प्रेम नव्हे. वरचा बल्बची जागा बळकावून बसलेला असतो आणि खालच्याला हलायला वाव नसतो. ड्रॅगन पुढचा पाय हवेत हळू गोल फिरवतो तेव्हा तो पाहुण्यांना टाटा करत नसतो, ‘मी तुझ्यापेक्षा लहान, मला सोड’ असं समोरच्याला सांगत असतो. टँकमध्ये सोडणार कुठे? सहा फुटांपलीकडे काच आहे. दबलेला सरडा ओरडत नाही. तो खाणं कमी करतो, दिवसभर लपतो, त्याची प्रतिकारशक्ती घटते आणि एक दिवस जंतांनी किंवा जुलाबाने जातो. मग लोक म्हणतात, अचानक गेला. माझं सांगणं एवढंच असतं की स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा, दर आठवड्याला वजन करा, वहीत लिहा. प्रेमाचा हिशेब तिथे लगेच लागतो.

आकाराचाही प्रश्न आहे. वाढलेला ड्रॅगन दीड-दोन फुटांचा, गेको आठ-दहा इंचांचा, गेकोचं पिल्लू तीन-चार इंचांचं. ड्रॅगनला किडे खायची सवय असते, समोर हललेलं काहीही तो आधी तोंडात घेऊन बघतो. गेकोचं नशीब चांगलं असलं तर शेपटीवर निभावतं. इग्वाना तर शाकाहारी. दुकानात वीतभर दिसतो, वाढून पाच फुटांवर जातो, आणि त्याच्या शेपटीचा फटका बसला की माणसाच्या हातावरही वळ उठतो.

रोगांबद्दल मी डॉक्टर नाही, पण सरडे बघणाऱ्या डॉक्टरांसाठी क्वारंटाइनचे टँक बनवून दिलेत, त्यामुळे काही गोष्टी कानावरून गेल्या आहेत. ड्रॅगनच्या आतड्यात कॉक्सिडिया नावाचे परजीवी सर्रास असतात. लेपर्ड गेकोला क्रिप्टोस्पोरिडियम झाला की त्याची चरबीने भरलेली शेपटी वाळून काडी होते, आणि हा जंतू नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. अॅडिनोव्हायरस तर वरून धडधाकट दिसणारा ड्रॅगनही घेऊन फिरतो. एका टँकमध्ये एकाचं दुखणं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

सध्या ‘वर इग्वाना, खाली पाणी, पाण्यात कासव’ अशीही मागणी असते. फोटोत फारच सुंदर दिसतं. पण कासवांच्या पोटात एन्टअमीबा इन्व्हेडन्स नावाचा अमीबा त्यांना काहीही न होता राहतो, आणि तोच सरड्यांच्या आणि सापांच्या आतड्याला व्रण पाडून त्यांना मारतो. इग्वाना बहुतेकदा पाण्यातच शी करतो आणि तेच पाणी पितो. म्हणजे दोघांत एकच तांब्या.

यावर प्राणिसंग्रहालयांचा दाखला देतात. तिथे ठेवतात, खरं आहे. तिथे खोलीएवढे पिंजरे असतात, नव्या जनावराला आधी वेगळं ठेवतात, खाणं प्रत्येकाला वेगळं दिसेल असं घालतात, आणि एखाद्याचं जमेना तर हलवायला मागे दुसरी जागा तयार असते. आपल्या टू-बीएचकेत सोफ्यामागे ती जागा कुठे आहे?

दुसरा दाखला रानाचा. गावाकडच्या एका विहिरीवर सरडे, पाली, सापसुरळ्या सगळं नांदतं ना? नांदतं. सरडा दिवसा कठड्यावर, पाल रात्री दिव्याशी, सापसुरळी पाचोळ्यात. वेळ वेगळी, जागा वेगळी, आणि न पटलं तर पुढे अख्खं शिवार मोकळं. आणि तिथेही दाटी झाली की परिणाम दिसतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेले सुपर्बा जातीचे सरडे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केला. पवनचक्क्या जिथे आहेत तिथे शिकारी पक्षी कमी झाले, सरडे वाढले. शत्रू गेला म्हटल्यावर सरडे माजायला हवे होते. पण गर्दीत ते अंगाने रोडावलेले निघाले, नरांच्या गळ्याचे रंगही फिके. ही एकाच जातीची गोष्ट, तीही उघड्या पठारावरची.

एक गोष्ट कायद्याची. इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ च्या नियमांनंतर असे प्राणी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावे लागतात. पुरवणीत याचा एका ओळीने उल्लेख हवा होता. आणि शेतात सापडलेलं घोरपडीचं पिल्लू ‘यांच्यातच टाकतो’ म्हणणारे दोघे येऊन गेले. घोरपड त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे, त्यांना मी सरळ वनखात्यात जायला सांगितलं.

हौस असेल आणि जागा नसेल, तर तीन वेगळे टँक एका रॅकवर बसतात. चार बाय दोनचा ड्रॅगनचा टँक वर, कारण गरम हवा वर चढते. गेकोचा तीन फुटी त्याच्या खाली. शेजारी-शेजारी ठेवायचे असतील तर मध्ये काच नको, एसीपी शीट (अॅल्युमिनियमचा अपारदर्शक पत्रा) किंवा प्लाय घाला, कारण नुसतं एकमेकांना दिसत राहिलं तरी ते काचेवर नखं घासत फिरतात. प्रत्येक टँकला स्वतःचा थर्मोस्टॅट, स्वतःचं पाण्याचं भांडं, स्वतःचा चिमटा; चिमटे वेगवेगळ्या रंगांचे घ्या म्हणजे अदलाबदल होत नाही. इग्वाना मात्र या रॅकवर बसायचा नाही. त्याला सहा फूट उंचीचा, फांद्या लावलेला पिंजरा लागतो, म्हणजे घरातलं एक कपाट हलवावं लागेल. ते आधी मोजून या, ऑर्डर मग घेतो.

आपला,
एक वाचक आणि टँक कारागीर
सिडको, नाशिक